वाटेची सोयरीक

डोंगर चढायचा असेल तर माणसानं आधी तोंड मिटायला शिकावं. एक तर दम वाचतो, आणि दुसरं म्हणजे शेजाऱ्यांपासून माणूस वाचतो. आनंदराजांना ही अक्कल आली तेव्हा उशीर झाला होता. आप्पासाहेबांच्या ओट्यावर सातजण जमले होते आणि हिमालयाचा विषय रीतसर चर्चेला घेतला गेला होता.

वास्तविक त्यांनी विचारलं होतं एवढंसंच. ‘‘आप्पा, तुमच्या वळखीत कुणी हिमालयात चालत गेलेलं हाय का? सोपी वाट बघून राहिलो.’’ बस्स. औशात एवढं बोलणं म्हणजे बाजार समितीच्या भोंग्यावरून जाहीर करण्यासारखं आहे, हे मोजणी खात्यात सव्वीस वर्षं घालवलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

कारण मात्र खरं होतं आणि ते त्यांच्या बायकोच्या गुडघ्यात होतं. धम्मप्रियाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लातूरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं, गादी झिजलीय, उन्हाळ्यात ऑपरेशन करून टाकू, तोवर मात्र चालणं सोडू नका. परतताना एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. औसा दिसायला लागल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘अहो, ऑपरेशननंतर काय व्हायचं ते होवो. त्याच्या आधी मला एकदा बर्फाचा डोंगर बघायचाय. आणि जीपनं नाही. माझ्या पायांनी.’’

‘‘एकदम बर्फाचा?’’

‘‘पंचवीस वर्षं पोरांना हिमालय शिकवला. मागं एका पोरीनं विचारलं, बाई, तुम्ही बघितलाय का? मी हो म्हणाले.’’ एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. आनंदराजांनी दोन तिकिटं उगीचच पुन्हा एकदा नीट घडी करून खिशात ठेवली.

अडचण अशी होती, की बाईंना जमिनीवर झोपता येत नव्हतं. झोपता येत होतं, पण उठवायला दोन माणसं लागत. म्हणजे तंबू बाद. मग कळलं की काही डोंगरांवर मुक्कामाला घरं असतात. दिवसभर चालायचं, संध्याकाळी पुढच्या घरात छपराखाली खाटेवर पडायचं, सकाळी पुन्हा चालायचं. आनंदराजांना ही योजना इतकी आवडली की त्यांनी त्याच रविवारी मोठ्या कागदावर तक्ता आखला. रकाने सहा. वाटेचं नाव, उंची, रोजचं अंतर, चढ, खाट आहे वा नाही, कमोड आहे वा नाही. शेवटचा रकाना बाईंनी लाल पेननं दोनदा अधोरेखित केला होता.

हा तक्ता घेऊनच ते ओट्यावर गेले होते, आणि तीच दुसरी चूक.

किराणा दुकानवाले केरबा म्हणाले, लसूण न्या, उंचीवर लसणानंच माणूस तगतंय. शेषेराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, हिमालयाचं काय कौतिक, आमी माहूरचा गड चप्पल घालून चढलाव. एकानं सांगितलं की तिथं रोज अंघोळ करायची नसते, त्याबरोबर दोघांनी आपणही यायला तयार असल्याचं कळवलं. आता पाळी आप्पासाहेबांची होती. त्यांनी तक्ता हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि शेजारी ठेवून त्यावर पानाचा डबा ठेवला.

आप्पासाहेबांची ओळख करून द्यायला हवी. वय अडुसष्ट, शेती चाळीस एकर, आणि जमवलेल्या सोयरिकी दीडशेच्या वर. त्यातली मोडली एकच, आणि तीसुद्धा पोरीचा मामा खोटं बोलला म्हणून. या अनुभवाच्या जोरावर ते जगातल्या कुठल्याही प्रश्नाकडे मुलगी दाखवल्यासारखं बघत.

‘‘फोटो बघून वाट ठरवून राहिलाव व्हय?’’ ते म्हणाले. ‘‘फोटोत पोरगं बी गोरंच दिसतंय. कुणाच्या तरी घरी चार राती काढायच्या हायत ना? मग ही सोयरीकच हाय. घरात कोण हाय, रीतभात काय हाय, पाव्हण्याला पाणी इच्यारतेत का न्हाई, हे बघितल्याबिगर बाईमाणसाला धाडायचं असतंय का? लावा फोन.’’

आनंदराजांना हे हास्यास्पद वाटलं. पण आप्पासाहेबांना हास्यास्पद म्हणण्याची औशात पद्धत नाही. त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला.

पुढचे आठ दिवस हिमालयातली स्थळं एकामागून एक नाकारली गेली. नेपाळातल्या एका वाटेवरच्या माणसानं ऑनलाइन बुकिंग करा म्हणून फोन ठेवला. ‘‘तोंडात मिठास न्हाई,’’ आप्पासाहेबांनी निकाल दिला. दुसऱ्या एका वाटेवरची घरं सरकारी निघाली. ‘‘सरकारी घराला सासूच नसती. रुसायचं कुणावर?’’ तिसऱ्या ठिकाणी दोन सख्ख्या भावांची दोन घरं शेजारी शेजारी, आणि दोघांत बोलणं नाही. ‘‘भाऊबंदकी हाय. एका घरी च्या पिला की दुसरं दार बंद.’’ हा आक्षेप मात्र आनंदराजांना पटला. बांधाच्या भांडणात साखळी घेऊन उभं राहण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी तक्त्यात सातवा रकाना आखला : भाऊबंदकी.

शेवटी हैदराबादला नोकरीला असलेल्या मुलानं, सुजातनं, संदकफूच्या वाटेवरचा एक नंबर पाठवला. बंगालच्या वरच्या टोकाला, बारा हजार फुटांना थोडीशी कमी, पहिल्यांदा जाणाऱ्यांना झेपेल अशी वाट. फोन कालीपोखरी नावाच्या वस्तीवर यांगजी नावाच्या बाईंनी उचलला.

आप्पासाहेबांनी घसा साफ केला आणि आपली निजामकालीन हिंदी बाहेर काढली. ‘‘हम औसे से बोल रहे. घर में कौन कौन है?’’

यांगजीबाई म्हणाल्या, आई आहे, एक मुलगी आहे, नवरा गेला.

‘‘अरेरे. माताजी की तबियत?’’

खोकला असतो थंडीत, म्हणाल्या.

‘‘जमीन कित्ती?’’ बटाट्याचं थोडं शेत, आठ याक. ‘‘भाईबंद?’’ खालच्या मुक्कामाचं घर मामाचं, त्याच्या पुढचं मावशीचं, वर शिखरावरचं चुलतभावाचं. इथं आप्पासाहेबांनी आनंदराजांना कोपरानं ढोसलं. ‘‘सगळं गणगोत हाय. एक घर चुकलं तर दुसरं सांभाळतंय. लई झकास.’’ मग पुन्हा फोनमध्ये, ‘‘लडकी क्या पढी?’’ नर्सिंग. ‘‘वा वा. हमारे इधरसे दोन माणसं आ रहीं दिवाली के बाद. खानदानी लोग हैं.’’

‘‘आप लोगों का लडका है?’’ बाईंनी विचारलं.

‘‘हाव, है ना. इंजिनियर है, हैदराबाद में. एकुलता एक. दारू नै, तंबाकू नै.’’

वाटेच्या चौकशीत सुजातच्या तंबाखूचा काय संबंध, असं आनंदराजांच्या मनात येऊन गेलं. पण तेवढ्यात यांगजीबाई म्हणाल्या की शिखरावरून समोरचे बर्फाचे डोंगर एका ओळीत दिसतात, ते झोपलेल्या बुद्धासारखे दिसतात, म्हणून लोक त्यांना तसंच म्हणतात. ओट्याच्या टोकाला आनंदराजांच्या आई सरजाबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

‘‘भगवान बुद्ध?’’ त्या म्हणाल्या. ‘‘आख्खा डोंगर?’’

‘‘हाव, आई.’’

‘‘मग कशापायी फाटे फोडून राहिलाव?’’ त्यांनी शेजारच्या आपल्या दाराकडे वळून सुनेला हाक मारली. ‘‘धम्मप्रिया, तू जा. माझ्यानं काई होत न्हाई आता. तू बघून ये आन मला सांग.’’

सोयरीक जमली.

यानंतर रजा. आनंदराजांनी अर्जात कारण लिहिलं, ‘पर्वतावर चढण्यासाठी’. त्यांचे साहेब गुरुपादप्पा निलंग्याकडचे, शांत स्वभावाचे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि असं कारण आपल्या नोकरीत अजून कुणी दिलेलं नाही, काही वैद्यकीय वगैरे आहे का, असं विचारलं. आनंदराजांनी नवा अर्ज केला, ‘पत्नीच्या गुडघ्याच्या आजारासाठी’. त्याला डॉक्टरचा दाखला हवा. तिकडे डोंगरावर जायलाही दाखला हवा होता, पण तो गुडघा ठणठणीत असल्याचा. लातूरच्या डॉक्टरांनी दोन्ही मजकूर ऐकून घेतले आणि एकाच कागदावर लिहून दिलं की सदर रुग्णाचा गुडघा निकामी होत आला आहे व त्यांना पर्वतावर चालण्यास हरकत नाही.

गुरुपादप्पांनी तो कागद दिव्याखाली धरला. ‘‘हे दाखला हाय का उखाणा?’’

‘‘दोन्ही खरं हाय, साहेब.’’

साहेबांनी पेन उघडलं. ‘‘आयतु, झालं. जावा. पण वरून पडलाव तर ड्युटीवर पडलो म्हणू नका,’’ असं म्हणून त्यांनी सही केली.

राहिला सराव. औशाच्या आसपास डोंगर शोधणं म्हणजे ताकात लोणी शोधण्यापैकीच. किल्ला आहे, नामांकित आहे, पण भुईकोट. तोही असा खोलगट जागी बसवलेला, की किल्ल्यात शिरायला माणसाला चढावं लागत नाही, उतरावं लागतं. तरी आत तटावर जायला पायऱ्या आहेत. आनंदराज पाठीवर दहा किलो ज्वारी बांधून आणि बाई हातात काठी घेऊन, दोघं पहाटे तिथं जाऊ लागले.

तिसऱ्या दिवशी पायऱ्यांखाली अकराजण उभे होते. प्रत्येकाच्या हातात सातबारा. मोजणीवाले साहेब रोज पहाटे किल्ल्यात येऊन पावलं टाकून राहिलेत, त्याअर्थी भोवतालची जमीन जाणार, अशी गावात बातमी होती. आनंदराजांनी पाठीवरची ज्वारी दाखवली. त्यावर एकजण म्हणाला, ‘‘साहेब, गरिबाला फसवू नका. ज्वारी घेऊन कुणी किल्ल्यावर चढतंय व्हय?’’ चौथ्या दिवशी वीसजण आले. पाचव्या दिवशी आनंदराजांनी सराव सोडला आणि घरीच पुस्तकातून चढण्याचा अभ्यास करू लागले. बाईंना कुणी काही विचारत नव्हतं. त्या महिनाभर एकट्या जात राहिल्या. आधी तीन पायऱ्यांवर थांबत, मग दहांवर, मग थांबेनात.

दिवाळीची सुट्टी लागली. वाटेत बाईंच्या माहेरी, नायगावला एक मुक्काम झाला. तिथं दशम्या, शेंगदाण्याची चटणी, टॉवेल, टोपी आणि दोन नारळ सामानात वाढले. नांदेडहून गाडी, कोलकात्याहून दुसरी गाडी, मग जीप, असं करत करत चौथ्या दिवशी दोघं पायथ्याच्या गावात उतरली. कागदपत्रं झाली, रीतीप्रमाणे एक वाटाड्या बरोबर मिळाला आणि चढ सुरू झाला.

चढाबद्दल आनंदराजांनी पुस्तकात जे वाचलं होतं ते सगळं बरोबर होतं. फक्त त्यात धाप कशी लागते ते लिहिलेलं नव्हतं. बाई काठी टेकत, एक पाय आडवा टाकत, हळू पण न थांबता जात होत्या. आनंदराज पन्नास पावलं भराभर जात आणि मग निसर्ग बघायला थांबत. असं पाहता पाहता त्यांनी त्या दिवशी खूपच निसर्ग बघितला.

पहिल्या मुक्कामाला यांगजीबाईंचे मामा दारातच उभे होते. त्यांनी आनंदराजांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, चुलीजवळची जागा दिली आणि विचारलं, ‘‘लडका साथ में नहीं आया?’’

‘‘छुट्टी नहीं मिली.’’

मामांनी मान डोलावली. आधी मोठ्यांनीच यावं, हेच बरं, असं म्हणाले. ‘‘किती संस्कारी माणसं आहेत बघ,’’ आनंदराज रात्रीच्या जेवणावर बायकोला म्हणाले.

दुसऱ्या मुक्कामाला मावशी. तिनं बाईंचा हात हातात घेतला तो सोडलाच नाही. तुमच्याकडे भात खातात का भाकरी, थंडी पडते का, घरातल्या सुनेनं नोकरी केली तर चालतं का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, न चालायला काय झालं, मीच करते की. मावशीचा चेहरा खुलला आणि पानात आणखी एक अंडं आलं.

‘‘अहो,’’ खोलीत आल्यावर बाई म्हणाल्या, ‘‘मला काहीतरी शिजतंय असं वाटतंय.’’

‘‘उद्याची डाळ असेल,’’ आनंदराज म्हणाले आणि झोपले.

तिसऱ्या दिवशी दुपारी कालीपोखरी आली. काळ्या पाण्याचं छोटं तळं, वाऱ्यानं फडफडणाऱ्या पताका आणि यांगजीबाईंचं लाकडी घर. अंगणात पंधरा-वीस माणसं स्वच्छ कपडे घालून ओळीत उभी. दोघांच्या गळ्यात मानाची पांढरी रेशमी वस्त्रं पडली. खोकणाऱ्या आजींनाही मुद्दाम बाहेर आणून बसवलं होतं. सुट्टीमुळे वाट तुडुंब भरलेली. कुठल्याशा मोठ्या शहरातली चौदा तरुण मुलं जेवणाच्या खोलीत जमिनीवर पसरली होती. आणि या दोघांना घरातली उन्हाची खोली, दोन खाटा, चार चार गोधड्या आणि नवा कोरा कमोड. आनंदराजांना आपला तक्ता आठवून भरून आलं.

चहा झाल्यावर यांगजीबाईंनी एका सडपातळ, करारी चेहऱ्याच्या मुलीला पुढे केलं. ही डोमा, सिलिगुडीच्या दवाखान्यात नर्स आहे, मुद्दाम रजा काढून वर आलीय. मग त्या जरा लाजून म्हणाल्या, ‘‘लडके का फोटो?’’

आनंदराजांनी कप खाली ठेवला. मामा, मावशी, जमीन, भाईबंद, लडकी क्या पढी, दारू नै, तंबाकू नै. ओट्यावरचे आठ दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून सरकन गेले. दीडशे सोयरिकी जमवलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काही निघणं शक्यच नव्हतं, हे त्यांना आत्ता समजलं.

‘‘जरा नेटवर्क बघतो,’’ असं म्हणून ते बाहेर सुटले. तळ्यापलीकडच्या दगडावर उभं राहिलं की एक काडी येत होती. आप्पासाहेबांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘व्हकार देऊन टाका,’’ ते म्हणाले.

‘‘आप्पा!’’

‘‘मुक्काम तर व्हऊ द्या. फुडचं मी बघून घेतो. आन पोरगी वाईट हाय का? नर्स हाय. म्हातारपणी गुडघ्याला बी कामाला येईल.’’

फोन तुटला. आनंदराज दगडावरच बसले. खोटा होकार देणं त्यांच्यानं होणार नव्हतं. आणि खरं सांगावं तर भरल्या घराचा अपमान. अपमान झालेल्या घरात खाट कशी मिळणार? वरचं घर चुलतभावाचं, खालचं मावशीचं, त्याखालचं मामाचं. गणगोत सांभाळतं तसं वाळीतही टाकतं. मग संध्याकाळची जीप धरून खाली. शिखर राहिलं फक्त सहा किलोमीटर, आणि उन्हाळ्यात ऑपरेशन. बायकोनं लग्नाच्या अठ्ठावीस वर्षांत एकच गोष्ट मागितली होती, आणि ती आपण शेजाऱ्याच्या हाती दिली. आनंदराजांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

ते परतले तेव्हा खोली रिकामी होती. बाई स्वयंपाकघरात गेल्या होत्या, यांगजीबाईंच्या शेजारी, चुलीपुढे. फळ्यांच्या भिंतीतून शाळेतल्या बाईंचा स्वच्छ, सावकाश आवाज ऐकू येत होता. त्यांनी काही लपवलं नाही. माझा गुडघा जातोय, मला हा डोंगर चालत बघायचा होता, आमच्या शेजारी एक आप्पा आहेत, ते वाटसुद्धा सोयरीक बघतात तशी बघतात, त्यांनी मुद्दाम फसवलं नाही, त्यांना चौकशीची दुसरी तऱ्हाच ठाऊक नाही. तुम्हाला त्रास झाला. आम्ही आत्ता निघतो म्हणाल तर निघतो.

आत चुलीतलं लाकूड तडतडलं. मग कुणीतरी खुसखुसलं, आणि मग यांगजीबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की जेवणखोलीतली चौदा मुलं उठून बसली. हसता हसता त्यांनी डोमाला हाक मारली आणि सगळं सांगितलं. डोमानं दीर्घ श्वास सोडला.

‘‘मम्मी, मैं तो ना बोलने ही आई थी.’’

नेमके त्याच वेळी आनंदराज दारात उभे होते. त्यांच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं होतं, हात जोडून माफी मागायची होती, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. ‘‘ना? क्यूं? क्या कमी है हमारे सुजात में?’’

‘‘अहो!’’ बाई म्हणाल्या.

‘‘नाही, मी नुसतं विचारून राहिलो.’’

पुन्हा एकदा सगळं स्वयंपाकघर हसलं. डोमानं त्यांना गंभीरपणे सांगितलं की मुलात काही कमी नसेल, पण तिचं आधीच ठरलंय, आणि ते तिनं आईला आजच सांगायचं ठरवलं होतं. आता ते सांगून झालं. यांगजीबाईंचं हसणं एकदम थांबलं, आणि पुढची दहा मिनिटं मायलेकींत त्यांच्या भाषेत जे बोलणं झालं त्यात पाहुण्यांनी लक्ष घालणं बरं नव्हतं. मुलगा तिच्याच दवाखान्यात आहे एवढं नंतर कळलं. आजींना तो चालणार होता.

रात्री जेवण वाढताना यांगजीबाई बाईंना म्हणाल्या, वीस वर्षं हे घर चालवतेय. हजारो लोक येऊन गेले. गरम पाणी आहे का विचारतात, चार्जिंग आहे का विचारतात. ‘‘माँ का तबियत कैसा है, ये पहली बार किसी ने पूछा.’’ त्यांनी बाईंच्या भातावर तुपाची धार धरली. ‘‘रिश्ता नहीं हुआ तो क्या हुआ. कल मैं तुम्हारे साथ चलेगी.’’

आणि त्या आल्या. शेवटचे चार किलोमीटर म्हणजे सरळ भिंत. यांगजीबाईंनी बाईंच्या गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधली, वळणावर तिरपं कसं चढायचं ते दाखवलं आणि शेजारून चालत राहिल्या. दोघी बोलत होत्या. सासू, नोकरी, मुलांची लग्नं, जे विषय जगात कुठंही पुरतात ते.

मागं आनंदराज. बारा हजारांच्या जवळ जाताना त्यांचं डोकं गरगरू लागलं, लसूण कामी येईना. इतक्यात मागून एक जीप आली आणि ड्रायव्हरनं मान बाहेर काढून जागा आहे म्हणून सांगितलं. आनंदराजांनी वर बघितलं. वरच्या वळणावर बाई आडवा पाय टाकत चालल्या होत्या.

‘‘मी काय म्हणतो,’’ ते ओरडले, ‘‘सामानाबरोबर कुणीतरी पुढे जायला पाहिजे का?’’

बाई थांबल्या नाहीत, वळल्याही नाहीत. ‘‘सामान नारळांचं आहे. ते एकटं जाईल.’’

सामान एकटं गेलं. आनंदराज चालले. वीस पावलं, मग दहा, मग पाच. वाटाड्यानं त्यांना मागून ढकललं हे त्यांनी पुढे औशात कुणालाही सांगितलं नाही, म्हणून इथं सांगून ठेवतो.

ते पोचले तेव्हा बाईंना पोचून चाळीस मिनिटं झाली होती. कड्याच्या अगदी टोकाला त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या. आणि समोर, ढगांच्या वर, अख्ख्या आभाळाच्या रुंदीएवढा पांढराशुभ्र बुद्ध आडवा झोपला होता. कपाळ, नाक, हनुवटी, छाती, पावलं, सगळं दाखवून द्यावं न लागता दिसत होतं. आनंदराजांनी आयुष्यभर जमिनी मोजल्या. या बुद्धाच्या एका खांद्यात अख्खा तालुका मावेल असं त्यांना वाटलं आणि त्यांनी हिशेब सोडून दिला.

ते बायकोशेजारी जाऊन उभे राहिले. धम्मप्रियाबाई रडत होत्या, पण चेहऱ्यावर रडणं नव्हतं. पाणी नुसतं वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. त्यांनी नवऱ्याचा हात धरला आणि घट्ट दाबला.

यांगजीबाई चुलतभावाच्या घरातून प्लास्टिकची एक लाल खुर्ची घेऊन आल्या आणि बाईंच्या मागे ठेवली. ‘‘बैठो दीदी, बहुत चढा. घुटना दुखेगा.’’

बाईंनी मान हलवली. ‘‘नको. मी उभीच बघते.’’

खुर्ची तशीच राहिली. दोघी बायका तिच्याकडे न बघता पुढे दोन पावलं सरकल्या. मग आनंदराज त्या खुर्चीवर बसले.